नऊ मंगळवारांची माफी

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.१०

आजपासून. गेल्या वर्षीचं 'आजपासून' जमेस धरायचं नाही. ते बुधवारी सुरू केलं होतं, आणि आठवड्याच्या मधोमध सुरू केलेलं काहीच टिकत नाही.

काल जेवणाच्या टेबलावर करार झाला. अडगळीची खोली शंभर दिवस माझी. आठ बाय सात, एक खिडकी, तिच्यातून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. तेवढ्यात कादंबरी झाली तर खोली कायमची माझी. नाही झाली तर बाबांची. बाबा म्हणजे सासरे. आमच्याकडे राहायला येऊन सहा महिने झाले. हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. उठताना आधी त्यांचे गुडघे वाजतात, मग ते खाकरतात, मग घर उठतं. बायकोचं म्हणणं, एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला दार असलेली खोली हवी. मी म्हणालो, साहित्यालाही दार लागतं. लेक म्हणाली, पण साहित्य आहे कुठे? पंधरा वर्षांची आहे. दुर्लक्ष केलं.

बाबा म्हणाले, जावईबापूंना देऊन टाका, माझं काय, मी कुठेही मावतो. ही त्यांची नेहमीची चाल.

योजना: रोज पहाटे पाच ते सात कादंबरी, पाचशे शब्द. दर मंगळवारी सकाळी सातला ब्लॉग. शंभर गुणिले पाचशे, पन्नास हजार. गणितात पळवाट नसते.

आजचे शब्द: शून्य. टेबल पुसण्यात वेळ गेला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ब्लॉगवर 'लेखकाची शिस्त' ही पोस्ट टाकली. वाचक चार. त्यातला एक मी फोनवरून, एक मी ऑफिसमधून. म्हणजे खरे दोन. त्यातल्या एकाने कमेंट केली आहे. नाव घेतलंय 'जुनी छत्री'. लिहितो, छान, पण शिस्त सुरू कधीपासून? असले लोक. स्वतः आयुष्यात एक ओळ लिहिलेली नसते.

९ फेब्रुवारी

कादंबरीचं पहिलं वाक्य झालं. 'समुद्र शांत होता.' दीपगृहाच्या रखवालदाराची कथा आहे. एकाकीपणा, अंतर्मन वगैरे. मी दीपगृह पाहिलेलं नाही. पण पाहिलेल्या गोष्टींवर काय, कुणीही लिहील.

१२ फेब्रुवारी

'समुद्र अशांत होता.' हे जास्त खरं वाटतं.

१७ फेब्रुवारी

'समुद्र ना शांत होता, ना अशांत.' बायकोला वाचून दाखवलं. ती डबे भरत होती. म्हणाली, मग होता तरी कसा? लेक मला म्हणाली, समुद्रालाच एकदा फोन करून विचारा ना. या घरात कलेचं वातावरणच नाही. शिवाय हॉलमधून बाबांचा रेडिओ. आवाज कमी करा, मी लिहितोय, असं सांगावं लागलं. त्यांनी बंदच केला. म्हणजे आता वाईट मी.

२० फेब्रुवारी

ऑफिस म्हणजे वजनकाट्यांची कंपनी. माझ्या टेबलावर काटा येतो. मी त्यावर प्रमाणित वजनं ठेवून तो खोटं बोलतो का ते पाहतो आणि प्रमाणपत्रावर सही करतो. बावीस वर्षांत एक सही चुकलेली नाही. आज साहेबांनी बोलावून विचारलं, शेऱ्याच्या रकान्यात 'तूर्तास प्रामाणिक' असं कुणी लिहिलंय? मी, म्हटलं. म्हणाले, 'ठीक' लिहा. ज्यांचा शब्दांशी संबंध फक्त सहीपुरता, त्यांच्या हाताखाली मी.

२६ फेब्रुवारी

बाबांनी विचारलं, शनिवारी सकाळी गुडघ्याच्या डॉक्टरकडे सोडाल का? शनिवार सकाळ हा माझ्या लेखनाचा सर्वांत सुपीक काळ आहे. तसं नम्रपणे सांगितलं. असू द्या, असू द्या, म्हणाले.

१ मार्च, शनिवार

बाबा एकटेच गेले. काठी म्हणून त्यांची काड्या मोडलेली छत्री टेकत. खिडकी त्या बाजूला नाही, त्यामुळे दिसले नाहीत, पण टकटक ऐकू आली. एकाग्रता मोडली. नंतर डोळा लागला.

मनाला विचारलं, चुकलं का? मन म्हणालं, पन्नास हजार शब्द. पटलं.

९ मार्च, रविवार

चार मंगळवार ब्लॉग कोरा. दोन्हीकडे ओढाताण होते आहे. कादंबरीला वेळ द्यावा तर ब्लॉग बोंबलतो. ब्लॉगला द्यावा तर कादंबरी. कादंबरी तशीही.

पण आज उपाय सापडला. पोस्ट आधी लिहून शेड्यूल करता येते, वेळ झाली की आपोआप प्रसिद्ध होते. मग पोस्टच कशाला लिहा? पोस्ट का नाही याची माफीच शेड्यूल करावी! ६ मेपर्यंतच्या नऊ मंगळवारांच्या नऊ माफ्या एका बैठकीत लिहून टाकल्या. पहिलीत संगणक बिघडतो. दुसरीत ऑफिसचं ऑडिट. पण दर वेळी तेच म्हटलं तर वाचकाला खरं वाटत नाही, म्हणून तिसरीपासून सासऱ्यांचा गुडघा. मग ऑपरेशन ठरतं, होतं, मी रात्रभर उशाशी बसतो, मग ताप, मग धावपळ. नववीत दुःखद प्रसंग, म्हणजे शेवटच्या आठवड्यात कुणी मला त्रास देणार नाही.

हे खोटं आहे का? प्रामाणिकपणे तपासलं. पोस्ट लिहिता आली नाही हे सत्य. गुडघा दुखतो हेही सत्य. राहिला फक्त तपशील. आमच्या काट्यांनाही थोडी त्रुटी चालते.

अकरा ते दीड. एकोणीसशे शब्द. जेवायला तीन हाका मारल्या म्हणे, ऐकूच आल्या नाहीत. वाईट इतकंच की एवढा चांगला वेळ कादंबरीला मिळाला नाही.

२५ मार्च, मंगळवार

गुडघ्याची माफी आली. वाचक एकसष्ट. 'लेखकाची शिस्त' अजून चारावरच. जुनी छत्री विचारते, कोणता गुडघा? डावा, असं उत्तर दिलं. वाचकाशी संवाद हवा.

संध्याकाळी चहा पिताना बाबा आपणहून म्हणाले, खरं तर उजवा जास्त दुखतो. म्हातारपणी माणसं संदर्भ नसताना बोलतात.

८ एप्रिल, मंगळवार

ऑपरेशनवाली माफी. तीनशे चाळीस! एक बाई लिहितात, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. कशाला? माफी आहे ती. विचारप्रवर्तक लेखनाकडे ढुंकून पाहणार नाहीत, दवाखाना म्हटला की रांगा लावतील. जुनी छत्री: 'रात्रभर उशाशी बसणारा जावई विरळा. सासऱ्यांनी पुण्य केलं असणार.' ही पहिली जाणकार कमेंट. जरा बोचलीही, का ते कळलं नाही.

हॉलमध्ये गेलो तर बाबा फोन नाकाशी धरून फुसफुस हसत होते. विनोद येतात त्यांना कुठून कुठून.

१५ एप्रिल

आजच्या माफीत सासरे शुद्धीवर येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, कादंबरी कुठवर आली? हा प्रसंग मला स्वतःला आवडला.

ऑफिसात पॅकिंगमधल्या बाईंनी बाबांची तब्येत विचारली. साहेबांनी तर अर्धा दिवस सुट्टी दिली, म्हणाले, माणसं महत्त्वाची. सुट्टी सत्कारणी लावली. कादंबरीच्या वाक्यातला 'समुद्र' काढला. तोच सारखा आड येत होता. 'शांत', 'अशांत', 'ना' हेही गेले. आता वाक्य आहे: 'होता.' घट्ट झालं. प्रगती.

२२ एप्रिल

तापाची माफी. वाचक नऊशे. कुणीतरी डॉक्टर असल्याचं सांगून औषध बदलायला सुचवलंय.

बायकोने विचारलं, किती झाली? शब्द सांगू नयेत, तेज जातं, असं म्हटलं. ती म्हणाली, बाबांची पाठ सोफ्याने धरली आहे, एवढं लक्षात असू दे. घरातल्या माणसांचा विश्वास नसेल तर लेखकाने जावं कुठे? सध्या तरी बाल्कनीत गेलो.

३० एप्रिल

तेरा दिवस, एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव शब्द. रोज तीन हजार आठशे शेहेचाळीस. अशक्य नाही. उद्यापासून. नाही, उद्या गुरुवार. सोमवारपासून.

६ मे, मंगळवार. सकाळी ९

क्रमाने लिहितो.

सातला नववी माफी आपोआप प्रसिद्ध झाली. ती आजच आहे हे मी साफ विसरलो होतो. सव्वासातला घरचा फोन वाजला. मेहुणा होता, रडत होता. कुणीतरी त्याला पोस्ट पाठवली होती. फोन बाबांनीच उचलला. हॅलो, मी बोलतोय, म्हणाले. मग बाबाच त्याला समजावत होते, अरे, रडू नकोस, असं होतं कधी कधी, माझं ऐक.

मी आंघोळ अर्धवट टाकून टॉवेलवर बाहेर आलो, फोन उघडला. वाचक दोन हजार तीनशे सोळा. सगळ्यांत वर जुनी छत्री: 'फार वाईट झालं. नेणार किती वाजता? मला तयार व्हायला वेळ लागतो. उजवा गुडघा.'

मान वर केली. बाबा सोफ्यावर बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. मांडीवर ती छत्री.

मला एवढंच सुचलं, की बाबा, तुम्ही वाचता? ते म्हणाले, पहिल्यापासून. आपल्या माणसाचं आपण नाही वाचायचं तर कुणी?

६ मे. संध्याकाळ

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. तिने सगळ्या नऊ माफ्या ओळीने वाचल्या, ऑपरेशनची दोनदा. मग म्हणाली, हा जो उशाशी बसतो ना, हा जावई कुठे मिळतो ते सांग. बाबांसाठी घेऊन येऊ.

लेक म्हणाली, आजोबा गेले तो पॅरा भारी होता. मी रडले, आणि आजोबा शेजारी बसून मला रुमाल देत होते.

बाबांनी माझी बाजू घेतली, हे सगळ्यात वाईट. म्हणाले, त्यांना बोलू नका, तापाचा भाग झकास साधला होता. फक्त मारायची घाई केली जावईबापूंनी. अजून दोन मंगळवार निघाले असते.

संपादकीय सूचना म्हणून विचार करण्यासारखी आहे. पण ही माणसं कादंबरीबद्दल का बोलत नाहीत?

१० मे, शनिवार

बाबांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. स्वतःहून. मागच्या शनिवारी का सुचलं नाही, त्याच्या मागच्या? उत्तर माहीत आहे, लिहीत नाही. रांगेत आमच्या पुढे सात जण. खुर्च्या टणक. बाबा दर वेळी एकटे या खुर्चीवर बसत असणार.

नंबर घेणाऱ्या मुलीने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, ब्लॉगवाले तुम्हीच ना, रात्रभर जागलेले? बाबा म्हणाले, हो, हेच ते. आणि छत्रीने मला हळूच ढोसलं, नंबर आला म्हणून.

१३ मे. शंभरावा दिवस

कादंबरी: एक शब्द. आज बराच विचार करून तोही खोडला.

कुणी मागितली नाही. मीच टेबल बाहेर काढून खोली झाडली. दार नीट लागतं का ते तीनदा उघडून-लावून पाहिलं. लागतं.

२० मे, मंगळवार. सकाळी ६.३०

आता लिहितो ते सोफ्यावरून. याची एक पट्टी मधोमध मोडलेली आहे आणि ती रोज पाठीच्या त्याच मणक्याला भेटते. नऊ महिने कुणी बोललं नाही.

बाबांनी ब्लॉग सुरू केला आहे. नाव 'उजवा गुडघा'. रोज पहाटे पाचला उठतात, दार लावतात, लिहितात, बरोबर सहाला प्रसिद्ध, आणि लगेच पुढचा भाग लिहायला घेतात. सहा दिवसांत सहा पोस्ट. वाचक चार हजारांवर. शैली बाळबोध, विशेषणांचा बेसुमार वापर, एका वाक्यात तीनदा 'मग'. लोकांना काय, जिवंत माणूस दिसला की पुरे.

पहिल्या पोस्टमध्ये माझा उल्लेख आहे: 'माझे जावई कथालेखक आहेत. त्यांच्या सगळ्या कथा मी वाचल्या. सगळ्या माझ्यावरच होत्या. इतकी माझी काळजी कुणी घेतली नव्हती.'

दीपगृहाबद्दल एक शब्द नाही.

कमेंट करायची ठरवली. स्वतःच्या नावाने धीर झाला नाही. 'मोडका सोफा' या नावाने लिहिलं, पुढचा भाग कधी? दोन मिनिटांत उत्तर आलं: 'उद्या सहाला. पाठ कशी आहे?'

आता इथे नवं पान उलटलं, तर बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, जरा हळू रे, कागद वाजवू नकोस, बाबा लिहितायत.