एक मेंढरू कमी

मी, खंडेराव केरबा शिंगाडे, वय अठ्ठावन्न, राहणार वाळूज, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. मूत्रपिंडं कामातून गेली आहेत, डोकं शाबूत आहे. खात्री हवी असेल त्यानं माझ्याशी वाद घालून बघावा.

१. वाळूजचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात पत्नी रत्नमाला हिची. गच्चीवरची पाण्याची टाकी कुणाला काढू देऊ नये. आपण टँकरची वाट बघत होतो तेव्हा पलीकडच्या नव्या इमारतीत पोहायचा हौद भरत होता, हे तिनं विसरू नये.

२. हत्यारांची पेटी शेजारच्या कचरूला द्यावी. एरवीही न विचारता नेतोच.

३. कन्नडकडच्या जमिनीतला माझा वाटा मुलगी प्रांजली हिचा. भाऊ सर्जेराव याला त्यातलं ढेकूळही मिळू नये. २०१३ च्या दुष्काळात बाबा दवाखान्यात होते, तेव्हा यानं घरची सगळी मेंढरं खाटकाला विकली. चारा नव्हता, पाणी नव्हतं, हे मलाही कळतं. पण बाबांना सांगायचं तरी. ते घरी आले, मेंढरांच्या रिकाम्या वाड्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "मेंढरं कुठं हायेत रं?" त्यानंतर ते फार जगले नाहीत. सर्जेरावानं खांदा द्यायला यावं, जेवायला थांबू नये.

४. लॅपटॉप प्रांजलीचा. त्यात माझी खरी कमाई आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संगणकाला टाइप करून हुकूम द्यायचा एक प्रोग्रॅम असतो, त्याला शेल म्हणतात. मी ज्या शेलसाठी राबलो तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं फुकट काम करून तो चालवतात. प्रत्येक हुकमाचं एक मदतीचं पान असतं: हुकूम काय करतो, कसा द्यायचा, एक उदाहरण, त्याचं उत्तर. कंपनीतून आल्यावर ही पानं मी मराठीत लिहीत गेलो. आमच्याकडच्या पोरांना इंग्रजीपायी अडायला लागू नये, एवढीच इच्छा होती. एकाही पोरानं ती वाचल्याचं माझ्या कानावर नाही.

ओळी मोजायच्या हुकमाचं पान लिहिताना उदाहरणाला मी आमच्या मेंढरांच्या नावांची फाइल घेतली. काळी, बांडी, लंगडी, एका ओळीत एक. उत्तर मात्र खऱ्यापेक्षा एक कमी लिहिलं. बाबा म्हणायचे, "खरा आकडा बोलायचा नाय, नजर लागती. एक कमी सांगायचं." पानं तपासणाऱ्यानं कळवलं, उत्तर चुकलंय, दुरुस्त करा. मी म्हणालो, करणार नाही. उदाहरण चुकलं की त्या भाषेची सगळीच पानं अडवून ठेवायची, असा तिथला नियम. त्या एका आकड्यापायी माझी सगळी पानं वर्षानुवर्षं पडून राहिली. आता तिथल्या लोकांनी कळवलंय की उत्तर दुरुस्त झालं आणि पानं सांभाळायला कुणाचं नाव आलं तरच ठेवू, नाहीतर पुढच्या आवृत्तीआधी मराठी काढून टाकू.

५. सबब प्रांजलीनं आपलं नाव द्यावं आणि उत्तर दुरुस्त करावं. मी तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "बाबा, कोण वाचतंय ते?" पोरगी खोटं बोलत नव्हती.

तरी लिहून ठेवतो. आता खरा आकडा द्यायला हरकत नाही, नजर लागायला मेंढरूच उरलेलं नाही. काल मी स्वतः बसलो होतो लॅपटॉपपुढं. बोट उचलेना. इथंही तो आकडा लिहीत नाही. हुकूम दिला की मशीन सांगेल, तेवढं तिनं उतरवावं.

माझ्यामागं या कागदाबद्दल कुणी भांडू नये. भांडण्यासारखं फार नाहीच.

सही: खंडेराव केरबा शिंगाडे

साक्षीदार: सखाराम गोरे, आवडाबाई मदने. दोघांच्या समोर सही झाली.

ठिकाण: वाळूज, छत्रपती संभाजीनगर
तारीख: १४ मे २०२४

कलम पाचमधलं काम स्वीकारल्याबद्दल प्रांजलीची सही: जागा मोकळी ठेवली आहे. "बघू," म्हणाली.