बाहीवरची नागमोडी पट्टी

अप्पा, तुमचा गणवेशातला फोटो सध्या इथे न्युरेम्बर्गला, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. बाहेर धुकं आहे आणि समोरची इमारत त्यात सावकाश विरघळते आहे. नातीला शाळेत घराण्याविषयी बोलायचं आहे. मी मराठीत सांगतो, ती जर्मनमध्ये विचारते, पणजोबा विमान चालवायचे का?

लहानपणी मीही तसंच समजायचो. वर्गात सांगून आलो होतो, माझे वडील युद्धात पायलट होते. तुम्ही चहा गाळत होतात. गाळणं खाली ठेवून म्हणालात, "मी ऑब्झर्व्हर होतो. चालवणारा पुढे बसायचा. मी मागे बसून वाट शोधायचो, खाली उत्तरेच्या समुद्रात पाणबुडी दिसते का बघायचो. दुसऱ्याचा हुद्दा आपल्या घरात आणायचा नाही." मग जवळ घेऊन फोटोतली बाही दाखवलीत. विलायतेत शिकायला गेलात, लढाई पेटली आणि तिथल्याच राखीव नौदलात शिरलात, म्हणून सब-लेफ्टनंटची पट्टी सरळ नाही, लाटेसारखी नागमोडी. तिच्या वेटोळ्यात बारीकसा A. हा विमानातला माणूस, याच्या हाती जहाज द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं सांगताना तुम्ही हसत होतात.

रविवारी व्याही, लेकीचे सासरे, कॉफीला आले. त्यांनी फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. त्यांचे वडील त्याच वर्षांत, त्याच उत्तरेच्या समुद्रात जर्मन पाणबुडीवर होते. लांबवर विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारायची आणि आत सगळे श्वास रोखून बसायचे. व्याह्यांचा जन्म नंतरचा, युद्ध संपल्यावरचा.

"तुमच्या वडिलांना माझे वडील कधी दिसले असतील?" त्यांनी विचारलं.

"दिसले असते, तर आपण इथे नसतो," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते हळूच म्हणाले आणि नातीच्या केसांवरून हात फिरवला.

तेव्हापासून जरा डोळा लागला की मी तुमच्या विमानात असतो. खाली करडं पाणी, पाण्यात एक लांबट सावली. तुम्ही वाकून बघता, तेवढ्यात ढग आडवा येतो.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या चोख नजरेचा मला जन्मभर अभिमान वाटला, अप्पा. पण तो ढग दर वेळी मीच आणतो.