सगळ्यांचा बाहेर एकच पत्ता

४ नोव्हेंबर
सोयरीक मोडली! पवनच्या घरी कुणीतरी खोट्या नावाच्या खात्यावरून लिहिलं — पोरीचं कॉलेजात लफडं आहे. त्याच्या वडिलांनी सुरतहून बाबांना फोन केला. बाबा जेवलेच नाहीत.
ज्याने केलं त्याला मी सोडणार नाही.

१४ नोव्हेंबर
पवनच्या वडिलांनी तक्रार केली होती. आज वाशिमहून पोलिसाचा फोन. मेसेज आमच्याच वायफायवरून गेला! "कनेक्शन तुमच्या नावावर हाय. कोन वापरते ते तुमी पाहा."
बाबांना कळेना. मी समजावलं — राउटर घरातल्या प्रत्येक फोनला आतला वेगळा पत्ता देतो. पण बाहेर जाताना सगळ्यांवर एकच पत्ता चढवतो. उत्तर आलं की ज्याचं त्याला वाटून देतो. बाहेरच्याला कोण काय करतंय ते दिसत नाही, फक्त आमचं घर दिसतं.
आणि या वायफायवर काय आम्ही तिघंच आहोत? वाटण्या झाल्या तेव्हा विहीर सामाईक ठेवली, तसंच हे. भिंतीतून वायर गेलीय, तिच्या टोकाला काकांचा दुसरा राउटर. त्याच्या आड त्यांचे किती का फोन असेनात, आमच्या राउटरला ते सगळे मिळून एकच दिसतात.
पण मला नाव ठाऊक आहे. हरीओम! चुलतभाऊ म्हणे! साखरपुड्यात सगळ्यांदेखत विचारलं, "सुरतले जाऊन का करशीन व तू?" जळका मेला!

१७ नोव्हेंबर
बाबांना सांगितलं तर दोघं भाऊ भांडतील आणि मिटवतील. मला मिटवायचं नाही. गुरुवारी हरीओमचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, काकू गल्लीभर सांगत फिरतेय. थांब म्हणावं.

२० नोव्हेंबर
इंटरव्ह्यू सुरू झाला आणि मी वायर उपटली.
"निकिते, नेट गेलं का व?" भिंतीपलीकडून ओरडला.
"आमचं तं चालू हाय!"
मोबाइलवर फोन लागतो, पण व्हिडिओपुरतं नेट मिळत नाही. मोटरसायकल काढून मालेगावकडे पळाला. तोंड पाडून परत आला. काय गार वाटलं! वायर उंदरांनी कुरतडली म्हणून सांगितलं. कपाटात टाकलीय, परत लावणार नाही.

२८ नोव्हेंबर
पवनचा फोन! घरच्यांना समजावतो म्हणाला. आई उठून आत गेली.

११ डिसेंबर
पवनकडे पुन्हा तसाच मेसेज. पोलिस म्हणाले, पत्ता तोच, तुमचाच.
काकांची वायर माझ्या कपाटात आहे.
मी काही विचारायच्या आधीच आईने तिचा फोन माझ्या हातात ठेवला. "एकुलती एक पोर. इतक्या लांब नव्हती द्याची मले."
हरीओमची नोकरी मी खाल्ली.