शिल्लक राहिलेला नट

ओबरमोस, शनिवार संध्याकाळ

ती. कास्पारदादास,
धाकट्या झेवरचा नमस्कार. तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण सध्या घरात त्याचाच मान मोठा आहे, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. इकडे सगळं क्षेम. तुझ्या भावजयीची, ओटिलियाची, तब्येत उत्तम आहे, माझ्यावरचा रागही तब्येतीत आहे (ईस्टरपासून स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगतं आणि मला गाडीपुढे ते दिसत नाही, म्हणून).

मोटारसायकल तयार आहे का, असं तू विचारलंस. साइडकारमध्ये बसून खिंड ओलांडायला डॉक्टरांनी तुला यंदा शेवटची परवानगी दिली आहे, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर एवढा घोळ घातला. ईस्टरला ओटिलिया बहिणीकडे गेली होती आणि गॅरेजात बोटं गोठत होती. तेव्हा मी दोन्ही कार्बोरेटर घरात आणले आणि त्याच टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडले (हे तिला कळवू नकोस). मध्येच कोपर लागून सगळं खाली सांडलं, ते रांगत रांगत गोळा केलं. साफसफाई झाली, इंजिनाचे टॅपेट सेट केले, ऑइल बदललं, सगळं जोडलं. पन्नाशी गाठलेली आपली म्हातारी पहिल्या किकला सुरू झाली. आवाज असा, की शेजारच्या क्लोत्सबाईंनी प्रथमच खिडकी न आपटता तो ऐकून घेतला. मग पाने पुसायला बसलो, तर ताटलीत एक नट शिल्लक.

आठ मिलिमीटरचा, एका कडेला ओरखडा. मी माहितीपुस्तकातल्या प्रत्येक चित्रावर बोट ठेवून गाडी तपासली. जिथे नट हवा तिथे नट आहे. गाडीला काहीच कमी पडत नाही, मग हा कुणाचा? दादा, मला जेवण गोड लागेना.

त्यातच गाडीच्या सरकारी तपासणीची तारीख आली. केंद्रावरचे रीडमिलरसाहेब (पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत) यांनी ब्रेक, दिवे, चाकं, साइडकारचे जोड, सगळं पाहिलं आणि पास झाल्याचा स्टिकर लावायला हात उचलला. तेवढ्यात मी खिशातून नट काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "साहेब, हा एक उरलाय." तुला कुणी विचारलं होतं, असं तू म्हणशील. ओटिलियाही तेच म्हणाली, जरा मोठ्याने. पण सही घेताना लपवायचं कसं? स्टिकर पाकिटात परत गेला. साहेबांनी नट दिव्याखाली धरून बराच वेळ फिरवला. "मग हा आला कुठून?" त्यांनी विचारलं, आणि माझा आजार त्यांनाही जडला आहे हे मी ओळखलं.

तेव्हापासून ते दर शनिवारी नऊला हजर. स्वतःचा दिवा, स्वतःचा ॲप्रन आणि आलुबुखाराचा केक घेऊन. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली. पेट्रोलच्या टाकीखाली डोकं घालून एकदाच म्हणाले, "आठवड्यात शनिवारच फार लांबतो हो." मी दिवा जरा वर धरला, दुसरं काय करणार?

आज तिसरा शनिवार. एकूण दोनशे बारा नट मोजले, सगळे जागेवर. साहेबांनी सही केली, स्वतःच्या हाताने स्टिकर लावला. तेव्हा येत्या शुक्रवारी तू आगगाडीने ये, सोमवारी खिंडीकडे निघायचं पक्कं. लोकरीचे मोजे आण. हात धुताना साहेबांनी विचारलं, "कोडं सुटलेलं नाही. पुढच्या शनिवारी येऊ ना?" मी हो म्हणालो.

तुझा,
झेवर

ता. क. रविवार दुपार. टेबल कलंडलं आणि सूप माझ्या मांडीवर आलं. ओटिलियाने मला टेबलाखाली पिटाळलं. मागच्या डाव्या पायाच्या बोल्टला नट नव्हता. आपला नट तिथे दोन बोटांनी बसला. ओटिलियाने माझे सगळे पाने गोळा केले, यावरून काय ते समज.

पुन्हा ता. क. साहेबांना मी हे सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पण शनिवारी त्यांच्या हातात द्यायला काहीतरी हवं, आणि टेबलाचा नट आता काढता येणार नाही (पाने ओटिलियाने कुलपात ठेवले आहेत). तेव्हा येताना बाबांच्या खिळ्यांच्या डब्यातून आठचा एक नट आण. नवा नको, साहेब लगेच ओळखतील. कडेला ओरखडा काढून आण. आणि तो मुळात कशाचा, हे तुला ठाऊक असलं तरी मला सांगू नकोस.