बाबांची चौथी बॅटरी

सर्जेकोट,
२२ जुलै

प्रिय देवेश,

तुझी चौथी बॅटरी परवा कुरिअरने पोचली. पाठोपाठ तुझा अकरा मिनिटांचा व्हिडिओही पोचला. पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून तू समोरच्या इमारतीवर झोत मारतो आहेस आणि उजेडाचे ल्युमेन मोजून सांगतो आहेस. त्या इमारतीतल्या लोकांची मला दया आली. बॅटरीच्या तोंडाला दाते आहेत, गाडीची काच फोडायला म्हणे. बाबांच्या होडीला काच कुठे असते रे? आणि तो डोळे दिपवणारा लुकलुकता झोत हल्लेखोरासाठी. आपल्या जेटीवर बाबांवर हल्ला कोण करणार, कावळे?

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तू सेलचा आकार सांगायला लागतोस. शिवाय फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारी बसलेले असतात. पत्र तरी तुला पुढे सरकवता येणार नाही.

सगळं मे महिन्यात सुरू झालं, आठवतं ना? पहाटे परतताना होडी खाडीच्या तोंडावरच्या खडकाला घासली आणि एक फळी गेली. ज्या खडकाला बाबा चाळीस वर्षं वळसा घालत आले, त्यालाच. बाबा म्हणाले, बॅटरी फिकी होती. झालं, तुला काम मिळालं. खिशात ठेवणार की कमरेला, एका हाताने पेटवायची का, हात ओला असेल का, अशी प्रश्नांची यादीच तू पाठवलीस. मच्छीमाराचा हात ओला असेल का, हे विचारणारा मुलगा मच्छीमाराच्याच पोटी जन्मावा, याचं मला फार नवल वाटलं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी एक ऑगस्टला उठते, पहिल्याच पहाटे होडी जाणार, सुकाणू बाबांच्या हातात आणि मागे जाळं ओढायला बाळा आणि दोन खलाशी. एवढं तुला ठाऊक होतं. तरी तुझं सगळं लक्ष बॅटरी खिशात मावते की नाही याच्यावर.

पहिली खिशात मावली नाही. दुसरी मावली, पण आपोआप पेटून तिने सदऱ्याचा खिसा करपवला. तिसरीचं बटण एकदा दाबलं तर एक, दोनदा दाबलं तर दुसरं, धरून ठेवलं तर तिसरंच. बाबा ते शिकायला दोन दिवस बसले, नवीन अक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखे. प्रत्येक वेळी निकाल तोच, उजेड कमी. आणि प्रत्येक वेळी तुझा अर्ध्या तासाचा फोन. एरवी तुझा फोन येतो कधी? गणपतीला आणि कोणी गेलं तर.

तुला नावं ठेवते आहे, पण शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेही नाही. मी रोज त्यांच्यासमोर जेवण वाढते. मासळीच्या आमटीऐवजी त्यांचा हात पाण्याच्या तांब्यात गेला, तेव्हा मी हसले. उंबऱ्याला ठेचकाळले, तेव्हा चपला नीट ठेवत नाही म्हणून त्यांनाच बोलले. तिसरी बॅटरी परत करायला मालवणच्या कुरिअरवाल्याकडे मीच गेले आणि तिथे कंपनीच्या नावाने बोटं मोडून आले. आपल्या घरात अक्कल वाटली तेव्हा आपण दोघंही बहुतेक बाहेर खेळत होतो.

काल दुपारी तीन वाजता मी पडवीत गेले. आभाळ भरलेलं होतं, पण दिवस होता. बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. डाव्या हातात तुझी चौथी बॅटरी, रोख जाळ्यावर, उजव्या हाताने भोकं चाचपून गाठी मारत होते. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "ही पण फिकीच गो. देवेशाक सांग, दुसरी धाड."

देवेश, त्या बॅटरीत सेल नव्हता. तो सकाळपासून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता.

मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी बॅटरीच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग बॅटरी मांडीवर ठेवून म्हणाले, "माका म्हायत आसा. दिवाळीपासून धड दिसणा नाय. पण बॅटरी बरी आसा असा सांगलंय, तर देवेश माका फोन कित्याक करतलो?"

मला तुझी चीड आली, त्यांची आली, माझी तर सगळ्यात जास्त. कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, हंगाम संपल्यावर. समुद्रात जाणारा माणूस असं म्हणतो आणि मागे बसलेल्या तिघांना ठाऊकही नसतं. बाळाची बायको पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे.

म्हणून हे पत्र. आज सकाळी मी बाळाला खरं ते सांगितलं. एक तारखेला होडी पाण्यात उतरणार नाही. बाबांना हे अजून माहीत नाही, आणि ते मी सांगणार नाही, तू सांगायचं आहेस. तीस तारखेच्या आत ये, त्यांच्यासमोर बस आणि सांग. माझ्याकडून ऐकलं तर ते भांडतील. तुझ्याकडून ऐकलं तर रडतील. तेव्हा उठून बाहेर जाऊ नकोस.

तुझीच, चिडलेली,
सलोनीताई