तिसऱ्या शब्दावरची खूण

त्रिशूर, २८ ऑक्टोबर

चिरंजीव सत्यभामेस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. माझा डावा गुडघा आताशा पंचांगापेक्षा नेमका पाऊस सांगतो. कूटियाट्टमच्या नाट्यवर्गात यंदा तीनच मुली आहेत. पहाटे नेत्राभिनयाच्या सरावाआधी डोळ्यांत तूप घालताना तिघी मिळून अक्षौहिणी सेनेइतक्या ओरडतात. आमची ही, अम्मिणी, खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, "गुडघा झाला, तूप झालं. आता मुद्द्याचं लिहा, नाहीतर पेन इकडे द्या."

तुझं पत्र पोचलं. साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहून पाय सुजतात, हे वाचलं. त्याखाली तू लिहिलंस, "गुरुजी, माझ्यात उपजत काही नव्हतंच. निवड समितीनंही तेच कळवलं. माझा मुकुट मुलींना देऊन टाका."

समितीला ते मी कळवलं होतं.

परदेशातल्या त्या नाट्यशाळेनं गुरूचं मत मागवलं, त्या कागदावर इंग्रजी शब्दांची उतरंड होती: गिफ्टेड, टॅलेंटेड, ट्रेन्ड, कॉम्पिटंट. खूण एकावरच करायची. प्रतिभा आधी, अभ्यास मागून, हा शास्त्रातला क्रम मीच तुझ्याकडून घोकून घेतला होता. त्यामुळे त्या शब्दांचा अर्थ कळला नाही, ही सबब मला नाही. मी तिसऱ्या शब्दावर खूण केली.

अम्मिणीनं तेव्हाच विचारलं, "पहिला का सोडलात?"

"गुरूनं शिष्येची स्तुती करू नये."

"मग ही केलीत ती कोणाची स्तुती?"

मी पाकीट चिकटवलं.

अकरा वर्षांची होतीस. रावण कैलास उचलतो, तो प्रसंग चालला होता. पायथ्यापासून शिखरापर्यंत नजर न्यायची, एवढं मी शिकवलेलं. तू शिखराशी थांबलीस आणि तिथून खाली रावणाकडे पाहिलंस, पर्वताच्या डोळ्यांनी. साथीला मिळाव वाजवणाऱ्या कुट्टनचे हात थबकले. मी म्हणालो, "नसते चाळे नकोत."

ते मी शिकवलेलं नव्हतं. पुढे कितीदा दार लावून करून पाहिलं. मला छपराची कौलं तेवढी दिसली. माझे गुरू मला एवढंच म्हणत, "शिकवलेलं विसरत नाहीस." सत्यभामे, त्या पहिल्या शब्दात मी कुठेच नव्हतो. तिसऱ्यात माझी वीस वर्षं होती.

आता समितीला खरं ते लिहिलं. उत्तर फार सभ्य आहे: निवड संपली, वयाची अट तीस, ती तू मे महिन्यात ओलांडलीस. त्या इंग्रजीत पुष्कळ शोधलं, फट सापडली नाही.

परत ये, असं लिहायला मला तोंड नाही. तुझ्यात ते होतं, एवढंच तू मानावंस. पण तेही कसं मानशील? वीस वर्षांत मी तुला एकदाही 'छान' म्हटलं नाही. आज म्हणतो आहे, तर तुला वाटेल, म्हातारा समजूत घालतोय.

तुझ्याकडून शिकायचं राहून गेलेला,
नीलकंठन