नाडीचा डायपर

चि. कृष्णास,

अंथरुणातल्या आपल्या आप्पांसाठी धुता येणारे कापडी डायपर आणलेत. तू फोनवर सुचवलेला चड्डीसारखा प्रकार पायांतून उतरवताना घाण घोट्यापर्यंत येते. बीभत्स रस मी आजवर फक्त वर्गात शिकवला होता. बटणाचा आप्पा झोपेत उघडतात, पुढचं चादरीला विचार.

शेवटी शहागंजच्या बाजारातून नाडीचा आणला. तो आप्पांनी तालमीतल्या लंगोटासारखा स्वतःच कसून बांधला. सकाळी ओली गाठ सुटेना. मी गाठीला दात लावले.

"कात्री लाव की, माय," आप्पा मला म्हणाले.

"मग उद्या काय बांधाल?"

नाडीचाच ठरवलाय. बाकीचे चढवताना आप्पा डोळे मिटून घेतात. हा बांधताना माझ्याकडं बघतात.

तू फोन जेवताना करतोस, म्हणून हे पाठवत नाही.

अजून हात धूत असलेली,
ताई